अहवाल कोणाच्या हाती? : एक प्रस्तावना

१८५५ साली पुण्यात मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने एक निबंध लिहिला. वय चौदाच्या आसपास, जात मांग, शाळा जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांची. ‘ज्ञानोदय’ने तो फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत, दोन भागांत छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने धर्मालाच जाब विचारला, हे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. तिने पुरावा गोळा केला होता, हे मात्र भाषणांतून राहून जातं. पेशवाईत तालीमखान्यावरून जाणाऱ्या मांग-महाराचं काय होई, इमारतीच्या पायात कोणाला गाडत, इंग्रजी अमलात त्यातलं काय थांबलं आणि काय तसंच राहिलं, डोक्यावर छप्परही नसलेल्या बाळंतिणीचे हाल काय होतात, हे ती एकेक करून सांगते. कानांवर आलेलं आणि डोळ्यांसमोरचं असं दोन्ही ती शेजारी शेजारी ठेवते. विद्यार्थ्याने अन्यायाचा अभ्यास कसा करावा, याचा मला माहीत असलेला मराठीतला सर्वांत जुना नमुना हाच.

हा संग्रह त्याच वाटेवरचा आहे. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या तालुक्यांत शिकणाऱ्या मुलामुलींनी आपल्या आसपासच्या एखाद्या अन्यायाचा अभ्यास केला, त्यावर काही हालचाल केली आणि मग ते सगळं लिहून काढलं. या कामाला धड एक नाव नाही. विद्यापीठात त्याला कृतिसंशोधन म्हणतात, समाजकार्य महाविद्यालयात क्षेत्रकार्य, चळवळीत पाहणी, आणि गावात ‘कॉलेजची पोरं सर्व्हे करायला आलीत’ एवढंच. नाव कोणतंही असो, या कामाची पारख मी एकाच प्रश्नाने करत आलो आहे : अहवाल तयार झाल्यावर तो कोणाच्या हाती जातो? क्षेत्राची ओळख करून देतानाही मी तोच प्रश्न हाताशी ठेवणार आहे.

मुक्ता साळवे यांच्यानंतर साठेक वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला. तो एका विद्यार्थ्याचा वर्गातला निबंध होता, हे आपण विसरतो. जातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनावर जात उभी आहे आणि ते बंधन टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा बाईच्या आयुष्यावर लादल्या गेल्या, अशी त्याची मांडणी. पुढल्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला, म्हणजे विद्वानांच्या हाती गेला. पण लिहिणाऱ्याचं काम तिथे संपलं नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेनेही पुढे तळं खुलं केल्याचं कागदावर मान्य केलं. प्रत्यक्षात अस्पृश्यांना तळ्यावर पाय ठेवता येत नव्हता. २० मार्च १९२७ ला हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली, तेव्हा ठराव आणि पाणी यांच्यातलं अंतर सगळ्या देशाला दिसलं. हक्क कागदावर कुठे आहे आणि माणसाच्या ओंजळीत कुठे, हे मोजणं या क्षेत्राचं आजही मुख्य काम आहे.

दुसरी परंपरा संस्थांची. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात वस्तीत राहून काम सुरू केलं आणि त्यातूनच १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी संस्था उभी राहिली, जिला आपण आज टिस म्हणून ओळखतो. पुण्यात १९३० पासून धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले संस्थेने गावांच्या आणि शहरांच्या पाहण्यांची शिस्त घालून दिली. प्रश्नावली कशी करायची, नमुना कसा निवडायचा, आकडा पुन्हा कसा तपासायचा, हे मराठी विद्यार्थ्यांना या मंडळींनी शिकवलं. या परंपरेचं ऋण मोठं आहे. पण तिचे अहवाल बहुतेक वेळा वरच्या दिशेने गेले : सरकारकडे, आयोगाकडे, ग्रंथालयाकडे. ज्या बाईने दोन तास बसून घरखर्च सांगितला, तिच्या दारी तो अहवाल क्वचितच परत आला. १९६९ मध्ये सदतीस विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि लाखो मुलं शिबिरांना जाऊ लागली. तिथे श्रमदान पुष्कळ झालं. रस्ता अमक्या वस्तीपर्यंतच का थांबतो, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला.

तिसऱ्या धारेपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण महाराष्ट्राने या क्षेत्राला जे स्वतःचं दिलं ते इथे आहे. साठच्या दशकाचा शेवट आणि सत्तरचं दशक. १९६७ मध्ये युवक क्रांती दल निघालं. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मागोवा गटातले शिकलेसवरलेले तरुण शहाद्याच्या आदिवासी शेतमजुरांमध्ये जाऊन राहिले. पंचाहत्तर साली जयप्रकाशांच्या प्रेरणेने छात्र युवा संघर्ष वाहिनी उभी राहिली. मुंबईत दलित पँथर जन्माला आली. पँथरच्या कवितांबद्दल आणि मोर्च्यांबद्दल खूप लिहिलं गेलंय, तिच्या वाचनाबद्दल कमी. इलायापेरुमल समितीचा अस्पृश्यतेवरचा अहवाल संसदेत येऊन गेला होता आणि कपाटात पडला होता. वसतिगृहांत आणि चाळींत राहणाऱ्या पँथरच्या तरुणांनी त्यातली माहिती उचलली, इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचा बहिष्कार आणि परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावचा अत्याचार त्याच्या शेजारी ठेवला आणि रस्त्यावर उतरले. सरकारचाच अहवाल लोकांच्या हाती आला की त्याचं काय होतं, हे तेव्हा दिसलं.

त्याच दशकात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम चालवली. तरुण कार्यकर्ते गावोगाव जात आणि एकच गोष्ट बघत : सार्वजनिक विहिरीवर दलितांना पाणी भरता येतं का? प्रश्न साधा वाटतो. तो विचारायला गेलं की कळतं, किती अवघड आहे. चावडीवर विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘आमच्याकडे तसलं काही नाही.’ दलित वस्तीत चारचौघांत विचारलं तरी पुष्कळदा तेच, कारण पाहणीवाले संध्याकाळच्या गाडीने परत जाणार आणि उत्तर देणाऱ्याला उद्या त्याच पाटलाच्या शेतात कामाला जायचं. म्हणून सकाळी विहिरीवर जाऊन उभं राहावं लागतं. कोणाची घागर कोणाच्या नंतर भरली जाते, रहाटाला कोणाचा हात लागतो, कोण लांब उभं राहून वाढलेलं पाणी घेतं, हे डोळ्यांनी टिपावं लागतं. या मोहिमेची खरी ताकद अशी की तिथे पाहणी आणि कृती यांत अंतरच उरलं नाही. विहिरीवर उभं राहणं हीच पाहणी, आणि मग सगळ्यांनी मिळून तिथेच पाणी भरणं ही मागणी.

या धारेत बाहेरून आलेल्यांनाही जागा होती. गेल ऑम्वेट अमेरिकेतून इथे आल्या त्या बर्कलेच्या संशोधक विद्यार्थिनी म्हणून. सत्यशोधक चळवळीवरचा त्यांचा प्रबंध झाला, १९७६ मध्ये पुस्तकही निघालं. प्रबंध झाला की परत जायचं, हा रिवाज त्यांनी मोडला. त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या आणि २०२१ मध्ये तिथेच गेल्या.

जगभरातही याच सुमारास विचार पुढे सरकत होता. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली होती. एखादी परिस्थिती बदलायचा प्रयत्न केल्याखेरीज ती नीट कळत नाही, असा तिचा गाभा. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांनी शिक्षणाच्या बाजूने, कोलंबिया देशातल्या ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी समाजशास्त्राच्या बाजूने ती पुढे नेली. १९७७ मध्ये कार्ताहेनाला या मंडळींची मोठी परिषद भरली. लोकसहभागी संशोधनाचा तिथून जगभर प्रसार झाला. भारतात १९८२ मध्ये राजेश टंडन यांनी दिल्लीत प्रिया ही संस्था काढली. मराठी वाचकाला यात अभिमान वाटावा असं एक पान आहे. पालघरच्या, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, काळूराम धोदडे यांच्या भूमिसेना या आदिवासी संघटनेवर १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास जगभरच्या या चर्चेत आजही आधाराला घेतला जातो. आदिवासी तरुण शिबिरात बसून आपल्याच परिस्थितीची चिरफाड करतात आणि मग काय करायचं ते ठरवतात, हे त्यात तपशिलाने आलं आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना फ्रेरी वाचायला सांगतात. पालघर कुठे आहे, तेही त्याच तासाला सांगायला हवं.

संस्था आणि चळवळ यांचा सांधा कसा जुळतो, हे बघायचं तर पुण्यातल्या कचरावेचक बायकांचं उदाहरण घ्यावं. नव्वदच्या सुरुवातीला एसएनडीटी विद्यापीठाच्या निरंतर आणि प्रौढ शिक्षण विभागाच्या पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि त्यांच्या सहकारी साक्षरतेचं काम करत या बायकांपर्यंत पोचल्या. अक्षरं शिकवायला गेलेल्यांना आधी कचऱ्याचा हिशेब शिकावा लागला : पहाटे किती वाजता निघायचं, कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक यांचे भाव काय, भंगारवाला काट्यात किती मारतो. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. मग हिशेब पुढे गेला. या बायका शहराचा किती कचरा उचलतात आणि तो वाहून न्यायचा महापालिकेचा किती खर्च वाचवतात, हे आकड्यांत मांडलं गेलं. चोर म्हणून हाकललं जाणारं माणूस महापालिकेचे पैसे वाचवणारं माणूस ठरलं. ओळखपत्रं मिळाली, २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने त्यांचा आरोग्य विमा उतरवला, २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था शहरात घरोघरचा कचरा गोळा करते. काटा आणि वही यांनी एवढं घडवलं, कारण मोजणाऱ्यांत आणि मोजल्या जाणाऱ्यांत संघटनेचं नातं होतं.

मुंबईत ‘पुकार’ या संस्थेने २००५ पासून तरुणांच्या गटांना संशोधनाची शिष्यवृत्ती द्यायला सुरुवात केली. वस्तीतली, कारखान्यातली, कॉलेज सुटलेली मुलं स्वतःचा प्रश्न स्वतः निवडून वर्षभर अभ्यास करू लागली. पुकारचे संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ मध्ये याला संशोधनाचा हक्क म्हटलं. मतदानाचा, शिक्षणाचा, तसा आपल्या परिस्थितीविषयी पद्धतशीर ज्ञान मिळवण्याचाही हक्क सामान्य माणसाला असतो, ही त्यांची मांडणी मला पूर्ण पटते. त्याच संस्थेच्या वस्तीतल्या संशोधकांनी कौला बंदरमध्ये पाण्याचा अभ्यास केला. बंदराच्या जमिनीवरची, सरकारदफ्तरी मान्यता नसलेली ती वस्ती पाण्यासाठी महापालिकेच्या दरापेक्षा कितीतरी पट पैसे खासगी पुरवठादारांना मोजत होती. पुढे पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केलं की वस्ती अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. महाडपासून इथपर्यंत सत्त्याऐंशी वर्षं झाली होती.

आज हे पुस्तक का? पहिलं कारण शैक्षणिक आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांना क्रेडिट मिळू लागले. एवढी मुलं अभ्यासासाठी समाजात जाण्याची सोय आपल्याकडे यापूर्वी कधी झाली नव्हती. आणि ती वाया जाण्याची चिन्हं आत्ताच दिसतात. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, मुखपृष्ठावर नाव बदललं की झालं. तोंडी परीक्षेत दोन प्रश्न, सही, गुण. असला अहवाल कोणाच्याच हाती जात नाही. तो कपाटातून थेट रद्दीत जातो, आणि त्यासोबत एका पिढीची आपल्या गावाकडे बघण्याची संधी जाते.

दुसरं कारण आकड्यांचं. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. देशाचा कारभार कितीतरी वर्षं २०११ च्या आकड्यांवर चालला. अशा वेळी आपल्या वाडीत, आपल्या वॉर्डात किती घरांत काय आहे हे नेमकं सांगणारी वही फार मोलाची असते. ती वही भरायला लागणारी हत्यारंही आहेत. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक पानी अर्ज, तीस दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ. अठरा वर्षांच्या मुलीला तहसील कचेरीला प्रश्न विचारण्याची एवढी सोपी सोय तिच्या आजीच्या काळात नव्हती.

तिसरं कारण मला सर्वांत जवळचं वाटतं. आज कॉलेजात शिकणारी पुष्कळ मुलं ज्या घरांतून येतात, त्या घरांवरच पूर्वी अहवाल लिहिले जात. या संग्रहातल्या एका लेखाची लेखिका ऊसतोड कामगारांची मुलगी आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या १३ हजारांवर महिलांची गर्भाशयं काढलेली निघाली. तो आकडा वाचून महाराष्ट्र हादरला. पण ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाने दिलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही, पाळीच्या दिवसांतही खाडा झाला तर पैसे कापले जातात, हे कोणाला शिकवावं न लागता जिला माहीत आहे, तिने विचारलेले प्रश्न वेगळे असतात. ती विचारते, पहिल्यांदा पोटात दुखलं तेव्हा कोणत्या दवाखान्यात गेलात, तो किती लांब होता, सोबत कोण होतं, शस्त्रक्रियेचे पैसे कोणी दिले आणि ते कोणत्या उचलीत मिळवले गेले. मुक्ता साळवे यांनी जे केलं ते हेच.

या पुस्तकाचा प्रयत्न मर्यादित आहे. त्यात सिद्धान्त थोडा आहे आणि केलेलं काम जास्त. निवड करताना आम्ही एक कसोटी लावली : प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखातून कळलं पाहिजे. ‘ग्रामीण मुलींच्या शिक्षणातील समस्या’ या मथळ्याचा अभ्यास कोणालाच अडचणीत आणत नाही. त्याऐवजी एका गटाने काय केलं ते सांगतो. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, तरी त्यांच्या तालुक्यातल्या काही गावांच्या मुली दहावीनंतर गळत होत्या. मुली घरी ‘शिकायची आवड नाही’ असं सांगत, पालक ‘दिवस वाईट आहेत’ म्हणत. गटाने आळीपाळीने स्टँडवर बसून गाड्यांची नोंद ठेवली. वेळापत्रकात किती वाजता, प्रत्यक्षात किती वाजता, रद्द किती वेळा, त्या दिवशी स्टँडवर मुली किती. प्रात्यक्षिकांचा तास संपायच्या आधी शेवटची गाडी सुटत होती, आणि पुढची आलीच तर अंधारात. पास होता, गाडी नव्हती. मग तो तक्ता आधी मुलींच्या आयांसमोर वाचला गेला. त्यांनी त्यात दोन चुका काढल्या आणि एक मुद्दा घातला : फाट्यावर दिवा नाही. मागणीपत्र आगार व्यवस्थापकाला आणि ग्रामपंचायतीला गेलं, प्रत्येकाला त्याच्या वाट्याचं. गाडीची वेळ बदलली. दिव्याचं काम हे लिहीपर्यंत झालेलं नाही, आणि लेखात ते तसंच लिहिलं आहे.

अपयशं मुद्दाम ठेवली आहेत. काही गटांचं निवेदन स्वीकारून पुढे काहीच झालं नाही. एका गटाला वसतिगृहाच्या जेवणाची पाहणी मधेच थांबवावी लागली, कारण बोललेल्या मुलांना त्रास होऊ लागला. त्या लेखात एकही नाव नाही, गाव नाही, खोलीचा आकडा नाही. असं असायलाच हवं. अभ्यास करणारा निघून जातो आणि सांगणारा मागे राहतो, हे ज्याला समजत नाही त्याने या कामात पडू नये. संमती घेणं म्हणजे कागदावर अंगठा घेणं नव्हे. याचा काय परिणाम होऊ शकतो हे समोरच्याला कळेल अशा शब्दांत सांगणं, आणि तो नको म्हणाला तर वही मिटणं, एवढं त्यात येतं.

एक मतभेद वाचकापासून लपवायचा नाही. बाजू घेतली की संशोधन राहत नाही, असं मानणारे अनेक चांगले अभ्यासक आहेत. त्यांचा इशारा गंभीर आहे. आधीच ठरलेल्या निष्कर्षासाठी पुरावे वेचणं हा या क्षेत्राला जडणारा खरा रोग आहे. त्यावर उपाय मात्र बाजू सोडण्यात नाही, मोजणी आणखी कडक करण्यात आहे. अन्यायाच्या विरुद्ध उभं राहणाऱ्याचा एक आकडा चुकला की समोरचा सगळा अहवाल फेटाळतो, म्हणून त्याची वही इतरांपेक्षा जास्त चोख असावी लागते. या संग्रहातल्या प्रत्येक तक्त्याची तपासणी दुसऱ्या गटाने केली आहे.

हे वाचणाऱ्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी प्रोजेक्टचे गुण देताना एक रकाना वाढवा : ज्यांच्याविषयी हा अभ्यास आहे, त्यांच्यासमोर तो कधी आणि कुठे वाचला? उत्तर कोरं असेल तर सही करू नका, मुलांना परत पाठवा. आणि विद्यार्थ्यांनो, पुस्तकाच्या शेवटी माहिती अधिकाराच्या अर्जाचा आणि मागणीपत्राचा नमुना दिला आहे. लेख वाचून होईपर्यंत थांबू नका. आधी आपल्या गावातला किंवा गल्लीतला एक प्रश्न निवडा, त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी कोणत्या कचेरीची आहे ते शोधा, आणि मग वाचायला बसा.